उत्तेजन पॅकेज : लक्षणे, प्रकार आणि उपयोग

अर्थव्यवस्था मंदावली की सरकारने स्वतः खर्च वाढवून बाजारात मागणी निर्माण करायची, या उपायाला उत्तेजन पॅकेज म्हणतात. पॅकेजचे घटक तीन : आकडा, घोषणा आणि पैसा. पहिले दोन अनिवार्य, तिसरा ऐच्छिक. आकडा अर्थ मंत्रालयात तयार होतो, घोषणा दूरचित्रवाणीवर होते आणि पैसा केव्हा सोडायचा हे निवडणूक आयोगाच्या वेळापत्रकावर ठरते.

उपायाचे जनक ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स. महामंदीच्या पार्श्वभूमीवर १९३६ साली आलेल्या ‘जनरल थिअरी’त त्यांनी तो मांडला. सरकारने जुन्या बाटल्यांत नोटा भरून बंद खाणींत पुराव्यात आणि लोकांनी त्या उकरून काढाव्यात, तरी काहीच न करण्यापेक्षा ते बरे, असे त्यांनी उपहासाने लिहिले. त्यापेक्षा घरे बांधणे शहाणपणाचे, हेही तिथेच लिहिले. राजकारण्यांनी यातला बाटल्यांचा भाग तेवढा मनावर घेतला. सरकारने काटकसर करायची ती तेजीत, मंदीत नव्हे, असे केन्स यांनी १९३७ साली बजावले होते. पडत्या काळात कर्ज काढा आणि बऱ्या दिवसांत ते हलके करा, असा त्याचा अर्थ. हा उत्तरार्ध मात्र सर्वपक्षीय सहमतीने अभ्यासक्रमातून वगळण्यात आला आहे.

पहिला प्रकार खऱ्या खर्चाच्या पॅकेजचा. भारतातला त्याचा ठळक प्रयोग २००८-०९ चा. फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पात ६०,००० कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली, ऑगस्टमध्ये सहाव्या वेतन आयोगाला मंजुरी मिळाली आणि सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली. औषध आधी, आजार नंतर, असा हा दुर्मीळ योग होता. ७ डिसेंबरला २०,००० कोटींचा जादा योजना खर्च आणि उत्पादन शुल्कात सरसकट कपात जाहीर झाली. जानेवारी आणि फेब्रुवारीत आणखी दोन हप्ते आले. एप्रिल-मेमध्ये लोकसभेची निवडणूक आली. वित्तीय तूट जीडीपीच्या २.५ टक्के धरली होती, ती ६ टक्क्यांवर गेली. मंदी लवकर ओसरली, पण सवलतींना निघायची घाई नव्हती. उत्पादन शुल्क १४ टक्क्यांवरून आधी १० आणि मग ८ टक्क्यांवर उतरायला तीन महिने पुरले. ते १२ टक्क्यांवर चढायला २०१२ उजाडले. दरम्यान ग्राहक महागाई दहा टक्क्यांच्या आसपास ठाण मांडून होती. पॅकेजची वसुली अशीही होते, फक्त तिची पत्रकार परिषद होत नाही.

दुसरा प्रकार कागदी पॅकेजचा. १२ मे २०२० रोजी पंतप्रधानांनी २० लाख कोटींचे, म्हणजे जीडीपीच्या सुमारे दहा टक्क्यांचे पॅकेज जाहीर केले आणि अर्थमंत्र्यांनी पुढचे पाच दिवस ते रोज थोडे थोडे उलगडले. अंतिम बेरीज २०,९७,०५३ कोटी. बेरीज बिनचूक होती, कौशल्य होते ते तिच्यात काय काय धरायचे यात. ८,०१,६०३ कोटी रिझर्व्ह बँकेच्या उपायांचे. ३ लाख कोटी लघुउद्योगांच्या विनातारण कर्जांचे. ती बँकांनी द्यायची, उद्योजकांनी फेडायची आणि सरकारने हमी घ्यायची. २ लाख कोटी किसान क्रेडिट कार्डावरच्या कर्जाचे. ५०,००० कोटी टीडीएस-टीसीएसचे दर पाव हिश्शाने उतरवल्याचे. एकूण कर तेवढाच, फक्त आज कापायचा तो नंतर भरायचा. ६,७५० कोटी भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी तीन महिने १२ वरून १० टक्क्यांवर आणल्याचे. नोकरदाराच्या म्हातारपणाची पुंजी अशा रीतीने सरकारी मदतीच्या खात्यावर जमा झाली.

याच यादीत स्थलांतरित मजुरांसाठी दोन महिने दरमहा माणशी ५ किलो धान्य आणि कुटुंबामागे १ किलो हरभरा होता. तरतूद ३,५०० कोटी. मुंबई-नाशिक महामार्गावरून डोक्यावर बोचके घेऊन चालत निघालेल्या माणसाच्या वाट्याला वीस लाख कोटींपैकी पिशवीत भरता येईल असे एवढेच होते. मनरेगासाठी ४०,००० कोटी वाढवले, तो खर्च खरा. बाकी आकड्याकडे पाहून ज्यांनी सरकारी उधळपट्टीची भीती घेतली, त्यांची भीती अनाठायी होती.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला केंद्रीय कर्मचाऱ्यांना ग्राहक करण्यात आले. प्रवास बंद, म्हणून रजा प्रवास सवलतीऐवजी रोख मिळणार होती. रेल्वेने जायला पात्र असलेल्या कर्मचाऱ्याचे माणशी भाडे ६,००० रुपये धरले, म्हणजे चौघांच्या कुटुंबाचे २४,०००. ते पूर्ण हवे तर भाड्याच्या तिप्पट, ७२,००० रुपयांची खरेदी ३१ मार्चच्या आत करायची. दुकान जीएसटी नोंदणीचे हवे, पैसे डिजिटल हवेत, पक्के बिल हवे आणि वस्तूवर १२ टक्के किंवा अधिक जीएसटी हवा. डाळ-तांदूळ बाद, फ्रीज मंजूर. शिवाय सणासाठी १०,००० रुपयांची बिनव्याजी उचल रुपे कार्डावर मिळणार होती, दहा हप्त्यांत पगारातून परत कापण्यासाठी. ऋण काढून सण करू नये, हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या घरांसाठी सरकारने ऋणाचे कार्डच काढले.

तिसरा प्रकार निवडणुकीच्या पॅकेजचा. यात मंदी लागत नाही आणि पैसा खरा असतो. २८ जून २०२४ रोजी महाराष्ट्राच्या अतिरिक्त अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली : दरमहा १,५०० रुपये, वर्षाचा अंदाजित खर्च ४६,००० कोटी. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. त्या दीड हजारांत कुठे गॅस आला, कुठे मुलांच्या वह्या आल्या. घेणारीचा यात काडीचा दोष नाही. योजना कल्याणकारी म्हणून आली, पण समर्थनाला केन्सही हजर झाले : हा पैसा अखेर बाजारातच येतो आणि दुकानदाराचा गल्ला भरतो. मग प्रचारात सत्ताधाऱ्यांनी २,१०० ची बोली लावली आणि विरोधकांनी ३,००० ची. निकालानंतर २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात हप्ता दीड हजारच राहिला, तरतूद ३६,००० कोटींवर आली आणि लाभार्थींची छाननी सुरू झाली. सरकारी कामे केलेले कंत्राटदार थकलेल्या बिलांसाठी आंदोलनाला उतरले. त्यांचा पैसाही अखेर बाजारातच येणार होता, पण केन्स तोवर घरी गेले होते.

नामकरणाचा नियम सोपा आहे. समोरच्याने वाटली तर रेवडी, आपण वाटली तर सक्षमीकरण. जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी देशाला रेवडी संस्कृतीपासून सावध केले होते. दोन वर्षांनी त्यांच्याच पक्षाच्या आघाडीने महाराष्ट्रात हा सावधपणा कसा पाळायचा ते दाखवले.

महाराष्ट्रात या शास्त्राला एक अपवाद आढळतो. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर राबवली गेली. गावाला पाझर तलाव, बांध आणि रस्ते मिळाले, हाताला काम मिळाले. १९७७ साली तिचा कायदा झाला. खर्च कोण देणार, हेही सांगितले गेले : १९७५ च्या कायद्याने नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. पगारपत्रकात आजही दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते त्याच कायद्याने. मदत आणि तिचे बिल एकाच वेळी जनतेपुढे ठेवण्याचा हा अविचार नंतरच्या राजकारण्यांनी कटाक्षाने टाळला.

बिलाची सोय आता कायद्याने होते. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याखाली तूट मार्च २००९ पर्यंत ३ टक्क्यांवर आणायची होती. त्या वर्षी ती ६ टक्के झाली. २०१८ च्या दुरुस्तीने मार्च २०२१ ही नवी मुदत दिली. त्या वर्षी ती ९.२ टक्के झाली. पुढे ती ४.५ टक्क्यांखाली आणायचे ठरले, आणि २०२५-२६ साठी ४.४ टक्के धरली गेली. ३ टक्क्यांचे काय, हा प्रश्न मोजपट्टी बदलून सोडवण्यात आला : यापुढे तुटीऐवजी कर्जाचे जीडीपीशी प्रमाण पाहायचे आणि ते मार्च २०३१ पर्यंत ५० टक्क्यांच्या आसपास आणायचे. दरम्यान २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात रस्ते, रेल्वे आणि इतर भांडवली कामांसाठी ११.२१ लाख कोटी होते आणि जुन्या कर्जांच्या व्याजासाठी १२.७६ लाख कोटी. हा व्याजाचा खर्चही अखेर बाजारातच येतो, असे म्हणायला अजून कोणी पुढे आलेले नाही.