दुधाचा दात

आमच्या घरात दातांविषयीचा शेवटचा शब्द आईचा. तिच्या स्वतःच्या तोंडात मूळचे चारच उरलेत, पण निवृत्त न्यायाधीशाचा सल्ला लोक घेतातच ना! माझ्या लेकीला, सानूला, तेरावं लागलं तरी तिचा वरचा डावा सुळा दिसेना, तेव्हा आईने निकाल देऊन टाकला, "येईल की. घाई कसली? ह्याचा पण उशिराच आला होता." 'ह्याचा' म्हणजे माझा. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढे पुराव्याला लागणार आहे.

त्या निकालावर आम्ही वर्ष काढलं. उजवा सुळा केव्हाच येऊन बसला होता, चांगला टोकदार. डावीकडे दुधाचा दात ठाण मांडून. मला तर तो सरळसरळ पागडीचा भाडेकरू वाटला. म्हणून दवाखान्यात गेल्या गेल्या मी सांगितलं, "मॅडम, हा जागा सोडत नाहीये. याला काढा, म्हणजे मागचा येईल."

मॅडम ऑर्थोडॉन्टिस्ट. आई त्यांना 'तारवाली' म्हणते. त्यांनी सानूच्या वरच्या हिरडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "तुमचं उलटं झालंय. मागचा येत नाही म्हणून हा जात नाहीये." वरून येणारा कायमचा दात दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवत आणतो, तेव्हा कुठे तो हलायला लागतो. म्हणजे भाडेकरू बिचारा पेटी भरून तयार, मालकाचाच पत्ता नाही!

"नवव्या-दहाव्या वर्षी इथे फुगवटा हाताला लागायला हवा होता," मॅडम म्हणाल्या. दरवाजाच्या चौकटीवर पेन्सिलीने आम्ही पोरीची उंची दर वाढदिवसाला मांडली होती. हिरडी चाचपायचं कुणाच्या डोक्यात येणार?

मग जबड्याचा मोठा एक्स-रे. हनुवटी टेकवून, पुढच्या दातांत काडी धरून उभं राहायचं आणि यंत्र डोक्याभोवती फिरतं. यंत्राने सानूला ओवाळलं, दक्षिणा आम्ही ठेवली. फोटोत सुळा सापडला. हरवला नव्हता, वाट चुकला होता. शेजारच्या दाताच्या मुळावर तिरका रेलून पडला होता, दुपारच्या पॅसेंजरमध्ये अनोळखी माणसाच्या खांद्यावर डोकं टाकून झोपावं तसा.

पण त्याचीही बाजू ऐकून घेतली पाहिजे. वरचा सुळा तयार होतो तो जबड्यात पार वर, डोळ्याच्या खोबणीच्या खाली. तिथून ओठापर्यंत त्याला साधारण 22 मिलीमीटर चालायचं असतं. तोंडातल्या कुठल्याच दाताला एवढी पायपीट नाही. वाटाड्या म्हणून असतो फक्त पटाशीचा शेवटचा दात. त्याच्या मुळाला धरून उतरायचं. सानूचा तो दात नेमका बारका, मुळातच अंग चोरून उभा. वाटाड्याच असा म्हटल्यावर सुळा भरकटणारच. शंभरातल्या साधारण दोघांचा भरकटतो, मुलींमध्ये मुलांच्या जवळजवळ दुप्पट. अडकण्यात याच्यापुढे फक्त अक्कलदाढ.

आता तो ओठाकडे वळलाय की टाळूकडे, हा प्रश्न. त्यासाठी नळी थोडी सरकवून दोन छोटे एक्स-रे काढतात. ही युक्ती क्लार्क नावाच्या गृहस्थांनी 1910 साली मांडली. मॅडम ती इंग्रजीत समजावत होत्या, पण मला कळली ती एस.टी.च्या खिडकीमुळे. जवळची झाडं मागे पळतात, लांबचा चंद्र आपल्याबरोबर येतो. सुळा नळीबरोबर सरकला, म्हणजे तो चंद्र, म्हणजेच आत, टाळूच्या बाजूला. शेजाऱ्याचं मूळ तो कुरतडत तर नाही ना, हे बघायला आणखी एक स्कॅन झाला. कुरतडलं नव्हतं. सुळ्याची तेवढी सज्जनता.

"थोडं आधी आला असतात तर," मॅडम म्हणाल्या (हे वाक्य डॉक्टरांना पदवीबरोबरच देत असावेत), "नुसता दुधाचा दात काढून काम भागलं असतं." 1988 साली एरिकसन आणि कुरोल या स्वीडनच्या दोघांनी असे टाळूकडे वळलेले 46 सुळे तपासले होते. दुधाचे सुळे काढल्यावर त्यातले 36 आपापले वाटेवर आले. सानूचा मात्र शेजाऱ्याची हद्द ओलांडून बसलेला. मी आईकडे पाहिलं. आई भिंतीवरच्या जबड्याच्या चित्राकडे पाहत होती.

"हे घराण्यात असू शकतं. बाबा, तुमचं तोंड बघू?"

मी आ केला. मॅडमनी आरसा फिरवला, मोजलं, पुन्हा मोजलं. "तुमचा उजवा सुळा आलेलाच नाही. हा दुधाचा आहे."

माझं वय 46. ऑफिसात माझ्या हाताखाली अकरा माणसं. बायको फक्त "तरीच" म्हणाली, पण त्या एका शब्दात एकोणीस वर्षांचा संसार होता. सासरे लग्नाच्या बैठकीत म्हणाले होते, मुलाचे दुधाचे दात अजून पडायचेत. माणूस किती अचूक बोलून गेला!

आई मात्र ठाम. "मग? उशिराच म्हटलं होतं मी."

माझ्या वयात आत राहिलेल्या सुळ्याला ओढून काढण्यात अर्थ नाही, अधूनमधून फोटो काढून नजर ठेवू, असं ठरलं. सानूचं ठरलं ते असं: आधी तारा लावून जागा करायची, मग टाळू उघडून सुळ्याला साखळी बांधायची. 'टाळू उघडायची' हे कानावर पडताच आईने सानूचं डोकं दोन्ही हातांनी झाकलं. ज्या टाळूवर तिने बाराव्या दिवसापासून तेल थापलं, ती उघडायची म्हणजे काय? टाळू तोंडातही असते, हे पटवण्यात अर्धा तास गेला.

साखळी सोन्याची असते हे कळल्यावर विरोध मावळला. "किती तोळ्यांची?" नुसता मुलामा असतो, पण ते आईला सांगायचं कुणी? त्या साखळीला साठेक ग्रॅमची, म्हणजे एका अंड्याच्या वजनाएवढी ओढ द्यायची. जोर करून चालत नाही. महिन्याला एखादा मिलीमीटर सुळा सरकतो, साखळीची एखादी कडी कापली जाते. त्या कड्या आईने प्रत्येक खेपेला मागून आणल्या आणि कुंकवाच्या करंड्यात ठेवल्या. बावीस महिन्यांनी सुळा ओळीत उभा राहिला. आईच्या हिशेबाने साखळीची दीड कडी अजून दवाखान्याकडे बाकी आहे.

तुमच्या घरात नऊ-दहा वर्षांचं मूल असेल, तर आज रात्री पुढच्या दातांच्या बाजूला, वरच्या हिरडीवरून दोन्हीकडे बोट फिरवून बघा. फुगवटा एकाच बाजूला लागला किंवा कुठेच नाही लागला, तर आजीला न विचारता दंतवैद्याकडे जा. आणि मूल चावरं असेल, तर बोटही दंतवैद्याचंच वापरा.