फ्रेंच, जर्मन आणि तुंबलेला भूगोल

तळाला फरसाणाचं दुकान, त्यावर दाताचा दवाखाना आणि त्याच्याही वर क्लास, हा मीरा रोड-भाईंदरमधल्या इमारतींचा ठरलेला क्रम. पूर्वी क्लासच्या पाटीवर गणित आणि अकाउंट्स असायचं. आता फ्रेंच आणि जर्मनही असतं. भूगोलाची पाटी मात्र अजून माझ्या पाहण्यात नाही. भूगोलाचा क्लास लावणारा मुलगा कुठे सापडलाच, तर त्याच्या आईवडिलांना एकदा भेटायची माझी इच्छा आहे.

फ्रेंचचं कारण सोपं. अकरावीत दुसरी भाषा निवडायची वेळ आली की घरोघरी ‘स्कोअरिंग’ हा एकच निकष लागतो. मराठी घरातली मुलंसुद्धा मराठी सोडतात, कारण मराठीत निबंध लिहावा लागतो आणि तपासणाऱ्याला मराठी येत असतं. आमच्या मजल्यावरची एक मुलगी लिफ्टमध्ये क्रियापदं चालवते. ‘झ स्वी, त्यु ए, इल ए’ तळमजल्यावर सुरू होतं आणि सातव्या मजल्यापर्यंत अख्खं क्रियापद पार पडतं. मध्येच कुणी लिफ्ट थांबवली की पुन्हा ‘झ स्वी’पासून. तिला मार्क उत्तम पडतील. पॅरिसमध्ये तिला पाणी मागता येईल का, हे विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

जर्मनचं प्रकरण गंभीर. ती मार्कांसाठी नाही, जाण्यासाठी शिकतात. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, सुरुवातीला दहा हजार तरुणांचा आकडा जाहीर झाला, आणि नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा सगळ्यांच्या तोंडी एकदम व्याकरण आलं. पूर्वी आमच्याकडे ‘तो बी-वनला आहे’ म्हटलं की कुठल्या विंगमध्ये, एवढाच प्रश्न यायचा. आता ती जर्मनची पातळी असते, म्हणून पेढे येतात. ज्याच्या नावाने काळा घोड्याला जर्मन शिकवणारं भवन उभं आहे, तो मॅक्सम्युलर ऑक्सफर्डला बसून ऋग्वेद छापत राहिला, भारतात कधी आलाच नाही. ते राहिलेलं येणं-जाणं आमची मुलं उलट्या बाजूने पुरं करायला निघाली आहेत.

राहिला भूगोल. त्याचा मान किती, हे 2020 साली कळलं. कोरोनामुळे दहावीचा 23 मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच केला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीने गुण दिले. भूगोलाने इतक्या घरांत एवढा आनंद त्याआधी कधीच दिला नव्हता. दहावीच्या पुस्तकात भारताशेजारी ब्राझील मांडलेला असतो. त्यामुळे आमच्या मुलांना अॅमेझॉनचं खोरं पाठ असतं. पण नायगावला जाताना गाडी ज्या खाडीवरून धडधडते, तिच्यात उल्हास नदी येऊन मिळते, हे विचारलं तर ‘सिलॅबसला आहे का?’ असा उलट प्रश्न येतो.

गंमत अशी, की आधुनिक भूगोल हा विषय उभा करण्यात जर्मन आणि फ्रेंच माणसांचाच मोठा हात. बी.ए.ला भूगोल घेणाऱ्याला त्यांचं भांडणही शिकावं लागतं. जर्मन रॅटझेलच्या नावावर निसर्गवाद: माणूस कसा जगणार, हे जमीन आणि हवा ठरवतात. फ्रेंच विदाल द ला ब्लाशच्या नावावर संभववाद: निसर्ग फक्त शक्यता पुढे ठेवतो, निवडतो माणूस. दोघांपैकी कुणीही भाईंदरला आलं नाही, हे भूगोलाचं नुकसान. इथल्या मिठागरांत आगरी माणसाने दोघांनाही एकाच बांधावर बसवलं होतं. उधाणाची तिथी पाहून बांधाचं दार उघडलं की खाडीचं पाणी आत, मग बंद. पुढचं काम उन्हाचं. पाऊस लागला की हंगाम संपला, तक्रार नाही. वेळ निसर्गाची, बांध माणसाचा.

नंतर आम्ही राहायला आलो आणि पूर्ण विदालच्या बाजूने गेलो. दलदलीत भराव घातला, त्यावर टॉवर चढवले आणि त्यांना समुद्राची, सरोवराची नावं दिली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा रॅटझेलने एका दिवसात हिशेब चुकता केला. अजूनही भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला, की तो आमच्या रस्त्यांवर उजळणी घ्यायला येतो. लोक पँट दुमडून, चपला हातात घेऊन, भिंतीच्या कडेकडेने क्लासला जातात. जर्मनची बॅच चुकवून चालत नाही.

अशाच एका संध्याकाळी शेजारचा मुलगा गुडघाभर पाण्यातून भिजून घरी आला. त्याची नजर जर्मनीतल्या स्टुटगार्टवर. टॉवेल देता देता आईने विचारलं, “अरे, तिकडे पाऊस कसा असतो? पाणीबिणी तुंबतं का?”

त्याने क्षणभर विचार केला.

“माहीत नाही गं. ते भूगोलात येतं.”