एचपी किती टाकू, भाऊ?

इंदापूर तालुक्यातल्या तरुणांपुढं सध्या एक गहन प्रश्न आहे. उसाच्या एफआरपीचा नाही, त्यासाठी रस्त्यावर बसणारी मंडळी वेगळी. लग्नाचाही नाही, तो आईबापांनी आपल्या डोक्यावर घेतलाय. प्रश्न असा, की सेकंडहँड घेतलेल्या स्विफ्ट डिझेलमध्ये एचपी किती टाकायचे?

कंपनीनं ७५ दिलेत. ते कमी पडतात यावर लोणी देवकरपासून भिगवणपर्यंत एकमत आहे. किती हवेत यावरही एकमत आहे: १२०. का १२०? कारण पलीकडच्या वस्तीवरल्या पोराचे ११० झालेत म्हणे. त्याचे ११० का झाले, हे विचारायला त्याच्याही पलीकडच्या वस्तीवर जावं लागेल.

गंमत बघा. १२० मागणाऱ्या पोराच्या वडलांनी, अण्णांनी, उजनीच्या फुगवट्यावरून रानात पाइपलाइन आणली. मोटर घ्यायला गेले तेव्हा दुकानदारानं एचपीचं नावही काढलं नाही. आधी विचारलं, चढ किती फूट? लाइन किती लांब? पाइप किती इंची? डीपीवर लोड किती? हे सगळं झाल्यावर म्हणाला, साडेसातची बसवा. अण्णांनी दहाची मागितली नाही. अडीच इंची लाइनवर दहाची लावली म्हणून पाणी त्या हिशेबात वाढत नाही, जॉइंट मात्र निखळतात, आणि रात्री चिखलात उतरून ते जोडायला दुकानदार येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. एचपी हा हिशेबाच्या शेवटी येणारा आकडा आहे. दोन पिढ्या हे ज्या घराला कळतंय, त्याच घरातला वारस गाडीपाशी आला की पहिल्यांदा एचपीच सांगतो. पाइप किती इंची, ते नंतर बघू.

(२०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल माफ झालंय. त्यामुळं तालुक्यात एचपीच्या दोन भाषा चालतात. महावितरणचा माणूस आला की आकडा हळू आवाजात आणि खालचा. चहाच्या टपरीवर गाडीचा विषय निघाला की मोठ्यानं आणि वरचा.)

आता जरा हिशेब करू. सपाट, सरळ रस्त्यावर शंभरच्या वेगानं स्विफ्टएवढी गाडी नुसती चालत ठेवायला इंजिनाला साधारण २० एचपी पुरतात. वीस! म्हणजे लोणी देवकर ते इंदापूर तुम्ही खिडकीबाहेर कोपर काढून शंभरनं जाता, तेव्हा ७५ पैकी ५५ मागच्या सीटवर झोपलेले असतात. त्यांना आणखी ४५ सोबती आणून देण्यापूर्वी, असलेल्यांना कामाला लावलंय का, एवढं तरी तपासावं.

बरं, वेगासाठी म्हणाल तर हवा फार कंजूष असते. वेग दुप्पट केला तर हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. जी गाडी ७५ एचपीवर १६५ च्या आसपास दमते, ती १२० वर फार तर १९० ला पोचेल. एवढा खटाटोप त्या वरच्या पंचवीस किलोमीटरसाठी. आणि केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणं दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीची कमाल मर्यादा आहे १००. ते पंचवीस किलोमीटर वापरायचे कुठं? सरडेवाडीच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जायची वाट बघताना?

इथं एक शहाणा हात वर करतो. ‘‘टॉपस्पीडसाठी नाय ओ काका, ओव्हरटेकसाठी. जागेवरनं खेचली पाहिजे.’’ ठीक. मुद्दा खरा आहे, म्हणून नीट घेऊ. एचपी म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. स्विफ्ट डिझेलचा १९० न्यूटन मीटर टॉर्क २००० आरपीएमला येतो आणि ७५ एचपी ४००० ला. दोन हजारच्या खाली टर्बो झोपलेला असतो, हे ती गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आपला गडी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये सोळाशे आरपीएमवर टँकरच्या मागं रेंगाळतो, पाय दाबतो, गाडी उठत नाही, आणि त्याचा निष्कर्ष निघतो: ताकद कमी. दादा, तिसरा गिअर टाका. तो कंपनीनं दिलाय आणि फुकट आहे.

पण फुकटच्या गोष्टीची रील होत नाही. म्हणून मग गाडीचं सॉफ्टवेअर बदलून देणारा लॅपटॉपवाला.

लॅपटॉपवाल्याची भाषा ऐकण्यासारखी असते. ‘स्टेज वन’, ‘स्टेज टू’, जणू काही गाडीची डोळ्यांची शस्त्रक्रिया चाललीय. टर्बोवाल्या डिझेलवर रिमॅपनं ताकद वाढते, हे खोटं नाही. डिझेल जास्त सोडायचं, बूस्ट वाढवायचा, की पंधरा-वीस टक्के हाती लागतात. तेवढ्यात समाधान मानणारा माणूस मुळात त्याच्याकडं जातच नाही, हा धंद्याचा पाया आहे. मग ताकद मोजल्याचा कागद निघतो. आधीचा आलेख, नंतरचा आलेख. आधीचा घेताना एअर फिल्टरमध्ये अर्ध्या एमआयडीसीची धूळ. नंतरचा घेताना फिल्टर नवा. आधीचा आकडा चाकावरचा, नंतरचा इंजिनावरचा. इंजिनावरचे ७५ गिअरबॉक्समधून चाकापर्यंत येईस्तोवर बासष्ट-पासष्ट उरतात. त्यामुळं आकडा नुसता जागा बदलूनसुद्धा दहा-तेरा एचपी ‘वाढतात’. सगळेच असं करतात असं नाही. पण आधीचा आकडा कुठं मोजला, हे विचारणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

पेट्रोलवाल्यांचं दुःख वेगळंच. टर्बो नसलेल्या १.२ लिटरच्या पेट्रोल गाडीत रिमॅप करून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके एचपी मिळतात, मग गाडीवाला कोन फिल्टर आणि जाडी नळी लावतो. एचपी जागच्या जागी. आवाज मात्र पळसदेवला ऐकू जातो.

आता खरी गोष्ट. ती आपल्याच जिल्ह्यात घडलेली आहे, म्हणून जास्त लागते. स्विफ्टमधलं ते १.३ लिटरचं डिझेल इंजिन मुळात फियाटचं, मल्टिजेट. फियाटनं ते रांजणगावच्या कारखान्यातही बनवलं. मारुती, टाटा, फियाट यांच्या गाड्यांत ते धावलं. याच इंजिनाचा दुसरा अवतार होता ९० एचपीचा. पुंतोत, लिनियात, मारुतीच्या एर्टिगात तो मिळायचा. पंच्याहत्तरचे नव्वद, म्हणजे वाढ फक्त पंधराची. तेवढ्यासाठी कंपनीनं काय केलं? टर्बोच बदलला; साधा काढून पाती हलणारा, व्हेरिएबल जॉमेट्रीचा बसवला. ज्यांनी इंजिन जन्माला घातलं, ज्यांच्याकडं चाचणीची सगळी यंत्रं होती, त्यांना पंधरा एचपीसाठी नवा टर्बो लागला. आपल्या गड्याला पंचेचाळीस हवेत, टर्बो तोच, क्लच तोच, वायर ओबीडीच्या खोबणीत, आणि चहा संपायच्या आत.

त्याच रांजणगावातून २०१५ च्या ऑक्टोबरात अबार्थ पुंतो आली. पेट्रोल, १.४ लिटर टर्बो, १४५ एचपी. कंपनीनं नुसतं इंजिन घालून गाडी दुकानात उभी केली नाही. चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले, स्प्रिंग कडक केले, गाडी जमिनीकडं खाली बसवली. एचपी वाढवणं म्हणजे आधी थांबवण्याची सोय वाढवणं, हे त्या गाडीत मागच्या चाकापाशी वाकून बघितलं तरी दिसत होतं. अर्थात आपण ती फारशी घेतली नाही. त्या पैशात मोठी दिसणारी गाडी येत होती.

आपल्या १२० वाल्या स्विफ्टला मागं अजून ड्रमच आहेत. टायर पण तेच, आणि त्यातले दोन गुळगुळीत. शंभरवरून चांगल्या कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर कडक ब्रेक मारला तर गाडी साधारण ५० मीटरवर थांबते. एकशेचाळीसवरून तिला जवळपास १०० मीटर लागतात. यात पाय ब्रेकवर पोचायचा वेळ धरलेला नाही. त्या दीड सेकंदात आणखी ५८ मीटर निघून जातात. आता हे गणित पुणे-सोलापूर हायवेवर ठेवून बघा. गळीत हंगाम चालू आहे. पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, त्यावर ऊस असा की मागचा लाल दिवा असला तरी पाचटाआड. ताशी वीसची चाल. समोरून चुकीच्या बाजूनं दुचाकीवर दुधाचे कॅन. मधेच दुभाजकातून कुणीतरी ‘शॉर्टकट’ पाडलेला. आपल्या तालुक्यात बेलवाडीला तुकोबांच्या पालखीच्या गोल रिंगणात अश्व धावतात, तेव्हा हजारो माणसं आपणहून मागं सरकून त्यांना वाट देतात. पुणे-सोलापूर हायवेवर तुमच्या एकशेवीस घोड्यांसाठी असं कोण सरकणार?

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण तो थोडक्यात ऐकायलाही कुणी थांबत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या जानेवारीत बजावलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ प्रमाणं मालकानं बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागं’ हे नीट वाचा. सायलेन्सर वेगळा, बाकीचं वेगळं. कंपनीची वॉरंटी असलीच तर तीही गेली, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळीच वर येतो.

मग करायचं काय? गाडी तशीच ठेवायची? नाही. मारुतीनं २०२० च्या एप्रिलपासून डिझेल गाड्या विकणं बंद केलं. म्हणजे गावातली सगळ्यात कोवळी स्विफ्ट डिझेलसुद्धा आता जुनीच आहे. तिनं दोन-तीन मालक आणि कितीतरी वराती बघितल्यात. इंजेक्टर थकलेत, ईजीआरमध्ये काजळी साचलीय, टर्बोच्या नळ्या चिरल्यात, क्लच घसरतोय. कंपनीनं दिलेले ७५ आज तिच्यात आहेत कुठं? शिल्लक असतील साठ. तुम्ही १२० ची स्वप्नं बघताय आणि हक्काचे पंधरा काजळीत अडकून पडलेत. ते आधी सोडवा. त्याला आरटीओची हरकत नाही, वाढलेली ताकद पहिल्या चढाला कळते, आणि तेच मेकॅनिकचं खरं काम आहे. त्यानंतर चार चांगले टायर. मग ब्रेकचे पॅड, लायनर आणि ब्रेक ऑइल, जे बहुतेक गाड्यांत पहिल्या मालकानंतर कुणी बदललेलंच नसतं. मग शॉकअप.

एवढं करून पैसे उरले आणि खाज तरीही उरलीच, तर बारामतीत-पुण्यात एखादी जुनी अबार्थ विकायला निघतीय का बघा. तिची आरसी वाचा, आतलं सामान मूळचं आहे का ते तपासा, स्पेअर मिळायला त्रास होईल हे धरून चाला. आधीच्या मालकानं तिच्यात १४५ चे १८० ‘टाकलेले’ असतील, तर घेऊ नका.