ठळक ठशातला माणूस

माझ्या प्लेटलेट्स 1,04,000 निघाल्या आणि मला थोडा अपमानच वाटला. त्याच आठवड्यात बी विंगमधले काका 18,000ला टेकून परत आले होते. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा आकडा सकाळ-संध्याकाळ जाहीर व्हायचा आणि तो जसजसा पडे तसतसा काकांचा मान चढे. त्यापुढे माझा लाखाचा आकडा म्हणजे काय? निरोगी माणसाच्या दीड ते साडेचार लाख असतात, म्हणजे मी ना धड बरा, ना धड आजारी. भेटायला आलेली मंडळी आकडा ऐकून "मग काही नाही हो!" म्हणाली आणि निवांत चहा प्यायली. ते फार लागलं.

एनएस-1 पॉझिटिव्ह आल्याचं एक समाधान होतं. डेंग्यूच्या विषाणूचंच हे प्रथिन ताप आल्याच्या पहिल्या दिवसापासून पाच-सात दिवस रक्तात सापडतं. पण माझी तपासणी कार्डावरची. सरकारी नोंदीत पक्का रुग्ण व्हायचं तर एलायझा लागते. म्हणजे अंगातली हाडं न् हाडं ठणकत असूनही शासनदरबारी मी संशयितच. आयजीएम निगेटिव्ह आल्यावर तर मेहुण्याने "डेंग्यू नाहीच मुळी" असा निकाल फोनवरून देऊन टाकला. ते प्रतिपिंड चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दिसू लागतात, हे त्याला समजावण्याइतकं माझ्या अंगात त्राण नव्हतं.

आता त्या ठळक आकड्यांबद्दल बोलतो, कारण त्यांच्यावर माझा जीव जडला होता. लॅबच्या रिपोर्टात मर्यादेबाहेरचा आकडा जाड ठशात छापतात. माझं नाव आजवर जाड ठशात फक्त लग्नपत्रिकेत आलं, तेही हिच्या आजोबांच्या आशीर्वादाखाली. इथे पानभर मीच! पांढऱ्या पेशी 2,900, ठळक. प्लेटलेट्स ठळक. यकृतवाला एसजीओटी ठळक. एमपीव्ही, पीडीडब्ल्यू, आरडीडब्ल्यू ही मंडळी कोण हे ठाऊक नव्हतं, पण तीही ठळक असल्यामुळे आपली वाटली. रात्री मोबाइलच्या उजेडात मी एकेकाचा माग काढत बसे आणि पहाटेपर्यंत मला निदान चार दुर्मीळ आजार झालेले असत. शेवटी बारीक अक्षरांत 'क्लिनिकली कोरिलेट करावे' असं लिहिलेलं असतं. म्हणजे कागद वाचून झाल्यावर जमल्यास रुग्णाकडेही एकदा बघावं.

मग डॉक्टरांनी माझ्या प्रेमात बिब्बा घातला. 'नॉर्मल'ची चौकट आखताना म्हणे ठणठणीत लोकांपैकी मधले 95 टक्के आत घेतात. उरलेल्या 5 टक्क्यांना काही झालेलं नसतं, तरी ते चौकटीबाहेर. म्हणजे धडधाकट माणसाने 20 तपासण्यांचं पॅकेज घेतलं, तर सरासरी एक आकडा ठळक यायचाच. शिवाय रक्त गोठू नये म्हणून नळीत जे ईडीटीए असतं, त्यात काहींच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. यंत्राला त्या नीट मोजता येत नाहीत आणि आकडा उगाच पडतो. म्हणून शंका आली की काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काकांच्या 18,000मध्ये असले घोळके किती होते, हे ग्रुपवर विचारण्याचा मोह मी महत्प्रयासाने आवरला.

आयजीजी मात्र सुरुवातीलाच पॉझिटिव्ह होतं. "तुम्हाला आधी कधीतरी होऊन गेलाय," डॉक्टर म्हणाले, "बऱ्याच जणांना कळतही नाही." मी विजयी मुद्रेने हिच्याकडे पाहिलं. आख्खा डेंग्यू अंगावर काढला आणि चकार शब्द बोललो नाही! ही हसली नाही. डॉक्टरांचं पुढचं वाक्य तिने ऐकलं होतं. विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेल्यावर दुसरा झाला, तर तो जास्त बिघडण्याची शक्यता असते. "ताप उतरेल तेव्हा जपा," असं ते म्हणाले होते.

ताप उतरला तेव्हा मी थालीपीठ मागितलं आणि ग्रुपवर अंगठा टाकला. खरी जोखीम इथून पुढचे 24 ते 48 तास. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि उरलेलं रक्त दाट होतं. ते कळतं पीसीव्हीवरून. माझा पीसीव्ही 41वरून 46वर गेला होता. मर्यादा 40 ते 50, म्हणून दोन्ही आकडे साध्या ठशात. मी त्या ओळीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आणखी तीन-चारने चढला असता, तर वाढ 20 टक्क्यांच्या घरात गेली असती आणि मी दवाखान्यात.

हिने मात्र तो लिहून ठेवला होता. कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी: पीसीव्ही, किती पाणी, लघवी कधी. "अहो, लघवीला झाली का?" हे ती चारचौघांत विचारायची. एकदा तर ऑफिसचे साहेब बसलेले असताना विचारलं. मी खेकसलो तिच्यावर. पोटात दुखतंय का, उलटी होतेय का, हिरड्यांतून रक्त येतंय का, हे विचारणारीही तीच. बाकीची मंडळी किवी घेऊन येत होती, पपईच्या पानांचा रस कसा काढायचा ते शिकवत होती आणि एकच विचारत होती, "काउंट किती?" कॅलेंडरवरच्या वेळा मी बरा झाल्यावर वाचल्या. मध्यरात्रीनंतरच्या, पहाटेच्या. मी घोरत होतो आणि ती मला उठवून ओआरएस पाजत होती. मला त्यातलं काहीही आठवत नाही.

प्लेटलेट्स 74,000पर्यंत उतरून आपल्या आपण वर आल्या. रक्तस्राव नसेल तर 10,000च्या खाली जाईपर्यंत त्या सहसा चढवतही नाहीत. श्रेय किवीने घेतलं.

परवा ए विंगमधल्या वहिनींचा फोन आला. त्यांच्या मिस्टरांना झालाय, 90,000 आहेत, फार घाबरल्या होत्या. "भाऊजी, तुमच्या किती खाली गेल्या होत्या?" मी घसा खाकरला. "आता काय सांगू वहिनी, पन्नासच्या आसपास..."

"चौऱ्याहत्तर!" स्वयंपाकघरातून आवाज आला. पाठोपाठ ही आली, पिठाच्या हातानेच फोन काढून घेतला आणि म्हणाली, "आकड्याचं राहू दे गं. त्यांना लघवीला शेवटचं कधी झालं?"