हलक्या रायफलीचं ओझं

ऑक्टोबर लागला की आमच्या साडूंशी दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोलता येत नाही. साडू मूळचे भोरकडचे, आता डेन्व्हरजवळ राहतात, सॉफ्टवेअरमध्ये आहेत. अमेरिकेत येऊन चार माणसं गोल्फ शिकतात. यांनी रीतसर हंटर एज्युकेशनचा कोर्स करून कार्ड काढलं, आणि गेली काही वर्षं ते कोलोरॅडोच्या डोंगरात एल्क नावाच्या भल्यामोठ्या हरणामागे जातात. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानंतर हा षौक पुस्तकांत उरला. तिथे मात्र दरवर्षी परवाने निघतात, हंगाम ठरतात आणि डोक्यावर-छातीवर भडक नारिंगी कपडे घालून माणसं पहाटे रानात शिरतात. तिथल्या कायद्याला पाचशे चौरस इंच नारिंगी लागतो. २०१६पासून भडक गुलाबीही चालतो, पण साडूंनी त्याचा विचार केलेला नाही.

मी शिकारी नाही. माझा अधिकार ऐकण्यापुरता. परंतु साडूंचं सलग ऐकलेल्या माणसाला एखाद्या विद्यापीठाने निदान पदविका तरी द्यायला हरकत नाही.

दुखणं असं, की एल्क राहतो तीन हजार मीटर उंचीवर आणि साडू राहतात सोळाशेवर. मधलं अंतर पायी. जुनी रायफल दुर्बिणीसकट चार किलोंच्या वर. पहिल्या तासाला ती खांद्यावर असते, दुसऱ्या तासाला हातात आणि तिसऱ्या तासाला सगळ्या संभाषणात. 'हलकी घ्यायला हवी,' असं साडू एका उतरणीवर बसून म्हणाले आणि तिथून आमच्या घराण्याची अधोगती सुरू झाली.

आता बोल्ट-ॲक्शन हा प्रकार तसा सरळ. दाराच्या कडीसारखी एक मूठ: वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली पाडायची. जर्मनीच्या माउझरने १८९८ साली ही कडी अशी काही बसवली, की नंतरच्या बहुतेकांनी तिचीच वंशावळ चालवली. अमेरिकेत १९३६ साली विंचेस्टरची मॉडेल ७० आली, १९६२ साली रेमिंग्टनची ७००. विंचेस्टरने १९६४ साली खर्च वाचवायला तिच्यात फेरफार केले, तर 'चौसष्टच्या आधीची' अशी जातच निर्माण झाली. आजही ती जात सांगताना म्हाताऱ्या शिकाऱ्यांचा आवाज कोकणस्थासारखा बारीक होतो.

वजन कमी करण्याचं वेड खऱ्या अर्थाने शास्त्र म्हणून कोणी केलं असेल तर वेस्ट व्हर्जिनियाच्या मेल्विन फोर्ब्जने. त्याने १९८०च्या दशकात विचार केला, की छोट्या काडतुसाला मोठ्या काडतुसाचा सांगाडा कशाला? त्याने ॲक्शनच लहान केली आणि लाकडी दस्ता काढून केव्हलार-ग्राफाइटचा, जेमतेम अर्ध्या किलोचा दस्ता लावला. शिवाय सगळे बंदूक-कारागीर कंठरवाने सांगत होते की नळी दस्त्याला कुठेही टेकता कामा नये. हा म्हणाला, टेकवायचीच तर शेवटपर्यंत सगळीकडे टेकवा. त्याच्या रायफली उत्तम लागतात. दोन्ही पंथ अजून नांदतात आणि दोघांनाही एल्क मिळतो.

साडूंच्या यादीत शेवटी दोन उरल्या. एक फिनलंडची टिक्का टी-३ एक्स लाइट, तीन किलोंच्या किंचित आत. दुसरी किंबरची माउंटन ॲसेंट, सव्वादोन किलोंच्याही आत. तिचा बोल्टसुद्धा पोखरून हलका केलेला. दोघींच्या वजनात सातशे ग्रॅमचा फरक आणि किमतीतही मोठाच. म्हणजे जे लोखंड नाही त्याचे पैसे. मेहुणीने हा हिशोब ऐकला आणि मला विचारलं, "भाऊजी, अजून थोडे पैसे भरले तर पूर्णच नाहीशी होईल का हो?"

टिक्का आली. काडतूस ७ एमएम-०८, म्हणजे सुप्रसिद्ध .३०८चंच तोंड आवळून रेमिंग्टनने १९८० साली बाजारात आणलेलं. ताकदीने ते जुन्या ७ बाय ५७ माउझरच्या तोडीचं. हे ७ बाय ५७ इंग्रजांच्या तोंडी .२७५ रिग्बी झालं. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला १९०७ साली भेट मिळाली ती रायफल याच काडतुसाची. हा संदर्भ सापडल्यावर साडूंच्या चालीत फरक पडला. त्याच काडतुसाने कारामोजो बेलने आफ्रिकेत शेकड्यांनी हत्ती पाडले, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. बेल त्यासाठी हजारो मैल चालत असे, हे एकदाही नाही.

पुढचं काम सुधारणेचं. नवी कोरी, चांगली चालणारी वस्तू घरी आणून लगेच उघडायची, ही वृत्ती जागतिक आहे. आधी वजन. रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहून बोल्ट बाहेर काढला आणि स्वयंपाकघरातला चकलीच्या भाजणीचा काटा ओट्यावर आला. रायफल आडवी ठेवली की आकडा दस्त्याखाली झाकला जातो. मग काट्यावर स्टीलची वाटी पालथी घालून, काटा शून्यावर आणून, वाटीच्या बुडावर रायफल तोलून ठेवायची आणि मी ओणवा होऊन खालून आकडा वाचायचा. रायफल, बोल्ट, दुर्बीण, तिची कडी, पट्टा, तीन काडतुसं. 'लाइट' म्हणून आणलेली वस्तू साडेतीन किलोंच्या पलीकडे गेली. साडूंनी काट्यावरच संशय घेतला. मेहुणीने शांतपणे साखरेचं एक किलोचं पाकीट ठेवून दाखवलं.

मग एकेक ग्रॅम काढणं सुरू झालं. थोराड दुर्बीण जाऊन साधारण सव्वातीनशे ग्रॅमची आली. पोलादी कडी गेली, ॲल्युमिनियमची आली. चामड्याचा नक्षीदार पट्टा गेला, नायलॉनची नाडी आली. दस्त्याचा स्क्रू सोडून, आत दडलेला चापाचा स्क्रू ॲलन-कीने फिरवून चाप हलका केला. यात मात्र अर्थ आहे. जड रायफलीला जड चाप खपतो. तीन किलोंच्या रायफलीचा चाप दोन किलोंचा असेल तर बोट चाप ओढत नाही, रायफलच ओढतं. नळी दस्त्यापासून सुटी आहे की नाही हे पाहायला अमेरिकन माणूस मधून डॉलरची नोट सरकवतो. साडूंनी त्यासाठी देव्हाऱ्यातली, लक्ष्मीपूजनाची एक रुपयाची नोट घेतली. ती अडकली नाही. लक्ष्मी त्या घरातून अशी अलगद सरकून जाताना मी प्रत्यक्ष पाहिली.

आणि मग रायफल चालवायला रेंजवर गेलो. न्यूटनसाहेब तिथे आधीच येऊन बसले होते. काडतूस तेच असेल तर धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात चालते: चार किलोंची रायफल तीन किलोंची केली, की दणका एक-तृतीयांशाने वाढतो. म्हणजे वजन कुठे जात नाही. हातातून काढलं की खांद्यात शिरतं. संध्याकाळी साडू डाव्या हाताने जेवले. लगेच जाड रबरी गादीची चौकशी झाली. तिचं वजन वेगळं. नळीच्या तोंडाला मझल ब्रेक लावला तर धक्का पुष्कळ कमी होतो, पण आवाज असा काही मागे फिरतो, की खांद्याचं दुखणं कानात जातं, शेजाऱ्याच्याही. हलक्या रायफलीची नळी बारीक, ती लवकर तापते आणि तापली की गोळ्या पसरायला लागतात. थंड होईपर्यंत थांबायचं. थांबलं की बोलायचं. कोणाशी, ते सांगायला नको.

शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका इंचात पडाव्यात, हा या पंथाचा मोक्ष. साडूंच्या सव्वा इंचात पडत होत्या. त्या पाव इंचासाठी वेगवेगळ्या कंपन्यांची काडतुसं आली, दस्त्याचे स्क्रू टॉर्क पान्याने मोजून आवळले गेले. एल्कच्या छातीतला मर्मभाग दोन वीत रुंद असतो. बाकावर वाळूच्या पिशवीवर टेकवून काढलेला सव्वा इंच डोंगरात धापा टाकताना दोन विती ओलांडतो, तो रायफलीच्या दोषाने नव्हे. हलकी रायफल तर धापेबरोबर जास्तच डुलते. जडपणाचा तेवढा एक उपकार असतो.

खंडेनवमीला तिची पूजा झाली. विळी, लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हरचा संच आणि टिक्का, सगळ्यांना झेंडूची फुलं. बोल्टच्या खाचेत कुंकू गेलं, ते काढायला साडूंना टूथब्रश घेऊन बसावं लागलं. कुंकवाचंही वजन आलंच.

पण मला खरं आश्चर्य वाटतं ते हिशोबाच्या दुसऱ्या टोकाचं. समजा एल्क मिळालाच. नर तीनशे किलोंच्या आसपास भरतो. हाडं काढून टाकली तरी ऐंशी-शंभर किलो मांस उरतं, आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं कोलोरॅडोत गुन्हा आहे. ते पाठीवरूनच आणायचं, तेही अनेक खेपांत. म्हणजे चारशे ग्रॅम वाचवायला जन्माची पुंजी लावायची आणि देवाने नवस ऐकला तर शंभर किलो उतरवायचे. हे मी साडूंपुढे मांडलं, तेव्हा ते म्हणाले, "अहो, म्हणून तर रायफल हलकी हवी!" यावर मला उत्तर सुचलेलं नाही.

तरी तुमच्यापैकी कोणी तिकडे राहत असेल आणि घेणारच असेल, तर सांगतो. तीन किलोंच्या जवळपासची साधी रायफल घ्या, दुर्बीण लहान घ्या, चाप नीट करून घ्या आणि स्क्रूड्रायव्हर कपाटात ठेवा. उरलेल्या पैशांची काडतुसं आणा आणि ती बाकावर न बसता, उभ्याने, गुडघ्यावर, धाप लागलेली असताना झाडा. आणि वजन करायचंच असेल तर स्वयंपाकघरातला काटा नको, तो पाच किलोंनंतर हात टेकतो. न्हाणीघरातला घ्या, रायफल बाजूला ठेवा आणि स्वतः उभे राहा. तिथले चार किलो फुकटात कमी होतात.