विलायती बंदूक, देशी डुक्कर

कारंजा (घाडगे) तालुक्यात संत्र्याचा भाव दर आठवड्याला पडतो, कापसाचा दर हंगामाला पडतो आणि सोयाबीनबद्दल चारचौघांत न बोललेलंच बरं. सतत चढत्या भावाची एकच वस्तू आम्हांला ठाऊक आहे: कुणाच्या तरी आजोबांची, परवान्यावरची, विलायती बंदूक. तिला पाऊस लागत नाही, खत लागत नाही, हमीभाव लागत नाही. माळ्यावर गुंडाळून ठेवली तरी वाढते.

कारण सोपं आहे. 1980 च्या दशकाच्या मध्याला सरकारने सामान्य परवानाधारकासाठी परदेशी बंदुकांची दारं लावून घेतली. नामवंत नेमबाजांना आणि आणखी काही मोजक्यांना सवलत राहिली, बाकीच्यांचं संपलं. म्हणजे त्याआधी देशात आल्या तेवढ्याच. त्यातल्या काही गंजल्या, काही मालकाच्या मागे ठाण्यात जमा झाल्या, उरल्या त्या हातोहात फिरतायत. चेकोस्लोव्हाकियाची ब्रनो काय किंवा बर्मिंगहॅमची बीएसए काय, त्यांच्या मुलखात ती साध्या गिऱ्हाइकाची, खिशाला परवडणारी रायफल होती. आपल्याकडे तिच्यापुढे पैलवानाने शड्डू ठोकावा तसा भाव ठोकतात. गिऱ्हाईक नळीत डोकावून बघत नाही, आतले आटे झिजले की शाबूत आहेत ते विचारत नाही. लोखंडावरची परदेशी अक्षरं अंगठ्याने पुसून वाचतं आणि खूश होतं.

हा रोग फक्त आपल्याला आहे असं नाही. अमेरिकेत रशियन सैन्याने टाकून दिलेल्या मोसिन-नागांत रायफली एके काळी खोक्यांनी यायच्या, शंभर डॉलरच्या आत मिळायच्या. गरिबाची रायफल म्हणून लोक दोन-दोन उचलायचे. साठा आटला, रशियावर निर्बंध आले आणि तीच रायफल कित्येक पटींनी महागली. तिथले शौकीन आता वाद घालतात की एवढे पैसे मोजण्याइतकी ती आहे का. पण त्यांच्याकडे निदान ती घेऊन रानात जाता येतं. आमच्याकडे घेतलेली बंदूक बहुतेक वेळा कपाटातून ठाण्यात आणि ठाण्यातून कपाटात एवढाच प्रवास करते.

वर्धा जिल्ह्याला हे गणित शिकवायची गरज नाही म्हणा. आमच्याकडे पन्नासेक वर्षांपासून दारूबंदी आहे. बंदी घातली की वस्तू नाहीशी होत नाही, तिचा फक्त भाव वाढतो, हे आमच्या पोरांना अर्थशास्त्राचं पुस्तक उघडायच्या आधीच समजलेलं असतं. फरक एवढाच की दारू नवी येते.

आता विचाराल, कारंज्याच्या माणसाला रायफल हवी कशाला? उत्तर रात्री वावरात येतं, कळपाने येतं. तुरीच्या ओळीतून रानडुकरं एकदा फिरली की सकाळी शेतकऱ्याला वाटतं रात्री कुणी रोटाव्हेटर घालून गेलं. रोही त्याहून सभ्य. तो उभ्याने, निवांत, शेंडे खुडत जातो. शेजारी बोर व्याघ्र प्रकल्प आहे, 2014 साली जाहीर झालेला, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांतला. वाघाला जंगल पुरत नाही, डुकराला पुरवून घ्यायचंच नाही. म्हणून माणूस जागलीला जातो. हाती काठी, डब्यात खडे, खिशात सुतळी बॉम्ब. पंधरा दिवसांत डुकराला फटाक्याची इतकी सवय होते की दिवाळीलाही दचकत नाही.

अशा माणसाची कायद्यालाही दया येते. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणाचा खास उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी, म्हणतो कायदा, माणसाला परवाना द्यावा. कशाचा? ठासणीच्या बंदुकीचा.

एकदा डोळ्यांपुढे आणा. अमावास्या, धुऱ्यावर दव, समोर वीस डुकरं. तुम्ही नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीचा बोळा घालायचा, गजाने ठासायचा, वरून छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज, मग मागे टोपी बसवायची. एवढं शांत चित्ताने उरकून मान वर केली की डुकरं शेजाऱ्याच्या वावरात पोचलेली असतात आणि बार आता शेजाऱ्याच्या हद्दीत जातो. ठासणीच्या बंदुकीने भागत नाही अशी परवाना देणाऱ्या साहेबांची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते, अशीही सोय त्याच कलमात आहे. म्हणजे बारा बोअर. पीकसंरक्षणासाठी रायफलीचं नाव तिथे नाही. रायफल हवी तर जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज, वेगळं कारण, वेगळे हेलपाटे. आणि देशी घ्यायची तर सरकारी कारखान्यातली .315 आहे. इंग्रजाला आपल्या लष्करी .303 ची गोळी नेटिवाच्या हाती नको होती, म्हणून हे वेगळं माप आपल्याकडे रुजलं. इंग्रज गेला, माप राहिलं, .303 ची बंदीही राहिली.

गंमत अशी की कारंज्याहून नागपूरकडे निघालात तर कोंढाळी-बाजारगावच्या पट्ट्यात स्फोटकांचे कारखाने लागतात, नागपूरच्या परिसरात सैन्यासाठी पिनाका रॉकेटं बनतात. जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला पुलगावला देशातल्या मोठ्यांत मोठ्या दारूगोळा कोठारांपैकी एक आहे. दोन्ही बाजूंनी एवढा दारूगोळा आणि मधल्या माणसाने डबा बडवायचा.

समजा पैसा ओतून कुणाची जुनी विलायती मिळवली. पुढे काय? डुक्कर मारायला वन विभागाची परवानगी वेगळी. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली ती मागायची, मिळाली तर नियमात राहून मारायचं, मेलेलं डुक्कर खायचं नाही. आणि निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायचं फर्मान. 2024 साली लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली ती जूनपर्यंत, विधानसभेची 15 ऑक्टोबरला लागली ती नोव्हेंबर संपत आला तोवर. म्हणजे कापूस फुटलेला, तूर फुलोऱ्यावर, चणा नुकता उगवलेला आणि लाखमोलाची बंदूक ठाण्याच्या खोलीत चिठ्ठी बांधून भिंतीला टेकलेली. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने तीनऐवजी दोनच बंदुका ठेवायची मुभा राहिली, तेव्हा काही घरांत तिसरीला निरोप देताना जे वातावरण होतं ते मुलीच्या पाठवणीलाही नसतं.

मग घेतात कशाला? एका जाणत्या गावकऱ्याने आम्हांला सांगितलं, "भाऊ, डुकरासाठी बंदूक नाई लागत, बंदुकीसाठी डुक्कर लागते." अर्जात कारणाचा रकाना असतो, तो डुक्कर भरून देतं. बाकी बंदूक बैठकीत दिसायला, सोयरिकीत बोलायला आणि गरज पडली तर शेजाऱ्याला धुऱ्याची आठवण द्यायला. या हिशेबाने बघितलं तर विलायतीला मोजलेले पैसे वाया जात नाहीत. पिकाच्या हिशेबाने बघू नका म्हणजे झालं.

पिकाच्या हिशेबाचं शस्त्र वेगळंच आहे. ते हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतं, त्याला परवाना नाही, आचारसंहिता नाही, आयातबंदी नाही. बांधायची तार. एक टोक धुऱ्यावरच्या खुंट्यांना, दुसरं थेट विजेला. झटका मशीन वेगळी. ती फटका देते आणि सोडून देते. ही तार सोडत नाही. बेकायदा आहे हे लावणाऱ्यालाही ठाऊक असतं. कधी तिच्यावर डुक्कर पडतं, कधी स्वतःचा बैल, आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्याला माहीत आहे की कधी पहाटे पाणी द्यायला निघालेला माणूस.

आणि एकदा वाघीण. जुलै 2017 मध्ये ब्रह्मपुरीकडची एक वाघीण पकडून, गळ्यात रेडिओ कॉलर घालून बोरच्या जंगलात आणून सोडली. माणसं मारल्याचा ठपका होता तिच्यावर. इथेही तेच झालं, मग तिला ठार मारायचा हुकूम निघाला, तो हायकोर्टात गेला, कोर्टाने ऑक्टोबरमध्ये तो कायम ठेवला. पथकं, नेमबाज, कॉलरचे सिग्नल, गाड्या, वातानुकूलित खोल्यांतल्या बैठका. सगळ्या रायफली तिच्या मागे होत्या. 14 ऑक्टोबरला ती आमच्याच तालुक्यात सिंदीविहिरीच्या शिवारात मेली. डुकरासाठी लावलेल्या तारेवर. राज्याने अडीच महिने जिचा हिशेब मांडला, तो किलोभर तारेने एका रात्रीत चुकता केला. गुन्हा मात्र तारेवर नोंदवला जातो, तार लावायची पाळी ज्याच्यावर आली त्याच्यावर. आणि पाळी कुणी आणली हा रकाना फॉर्मात नसतो.

केरळने 2022 साली पंचायतीच्या अध्यक्षालाच रानडुक्कर मारायची परवानगी द्यायचा अधिकार दिला आणि परवानाधारक बंदूकवाल्यांची नावं घेऊन ठेवली. तिथलं सगळं सुरळीत झालं असं आम्ही म्हणत नाही, पण विचारायला कुठे जायचं ते तरी शेतकऱ्याला कळलं. आमच्याकडे अजून वादच चालू आहे, आणि सेवाग्राम जवळ असल्यामुळे प्रत्येक वादात बापूंना उठवायची पद्धत आहे. बंदूकवाले म्हणतात, साऱ्या देशाला निःशस्त्र करणारा कायदा बापूंनाच काळाकुट्ट वाटला होता. प्राणिप्रेमी म्हणतात, अहिंसा. 1946 च्या 'हरिजन'मध्ये गांधींनी पिकं खाणाऱ्या माकडांबद्दल काय लिहिलं ते दोघांनीही वाचलेलं नसतं. शेतकऱ्याचं अन्न खाणाऱ्याला वाचवायची माया आपल्या अहिंसेत नाही, असा त्यांचा रोखठोक सूर आहे.

राहता राहिली स्वस्त विलायती बंदूक. ती अगदीच मिळत नाही असं नाही. सीमाशुल्क खात्याने जप्त केलेली परदेशी शस्त्रं खासदारांना विकत घ्यायची सोय या देशात वर्षानुवर्षं चालत आली. त्यांच्या जिवाला धोका असतो, असं कारण. तेव्हा ज्यांनी ज्यांनी ती घेतली, पक्ष कोणताही असो, त्यांना आमचं आग्रहाचं आमंत्रण: येत्या मार्गशीर्षात एक रात्र कारंज्याच्या वावरात जागलीला या. चहा, शेकोटी आणि माळा आमच्याकडे तयार आहे. वन विभागाची परवानगी तेवढी तुम्हीच काढून आणा, आमच्याने होत नाही.