कुटुंबप्रमुखांस सप्रेम

आदरणीय निर्मातेसाहेब,


परवा मालिकेच्या ५०० भागांचा केक कापलात. मी वर फळीवर लाइट सांभाळत होतो, म्हणून केक पोचला नाही. भाषण मात्र नीट पोचलं. "आपण युनिट नाही, कुटुंब आहोत!" ऐकून गहिवरलो.

कुटुंबात घड्याळ कुठलं? सकाळी सातचा कॉल, पॅक-अप देवाच्या हाती. कागदही नको. तुमच्या सिनेमाच्या वेळी मी लेखी करार मागितला, तर तुम्ही दुखावलात. चित्रपट-कामगाराशी लेखी करार हवा, असं तेव्हा १९८१ चा कायदा म्हणायचा. पण कायदा तो परकाच.

पैशांचं म्हणाल, तर मालिकेत 'सहा महिन्यांनंतर' अशी पाटी येते आणि कालची नवरी बारशाला बसते. ती विद्या तुम्ही आमच्या मजुरीलाही लावलीत. बोली ९० दिवसांची. आता पाच महिने झाले. "चॅनेलकडून आले नाहीत," असं अकाउंटंट सांगतो. तुमची नवी गाडी बहुधा चॅनेलनं हार-नारळासकट पाठवली असावी.

फाळक्यांचं युनिटही कुटुंबच होतं. 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, सगळ्यांचा स्वयंपाक रांधला. ती परंपरा तुम्ही राखलीत. दागिने आजही गहाण पडतात. फक्त ते आमच्या बायकांचे असतात.

आणि म्हणे, युनियननं माणसं बिघडवली! साहेब, एवढा विनय बरा नव्हे. इतकी वर्षं माझं कार्ड फक्त गेटवर दाखवण्यापुरतं होतं. फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईजच्या हाकेवर ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबईतलं शूटिंग थांबलं होतं, ही मला म्हाताऱ्यांची गोष्ट वाटायची. पत्रकं वाचून मी कधी सभेला गेलो नाही. तुमच्या न आलेल्या चेकनं मला पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी मेकअपदादा, पलीकडे स्पॉटदादा. सगळं घरच जमलं होतं.

तेव्हा सोमवारी फेडरेशनची माणसं सेटवर येतील. दचकू नका. चहा ठेवा. घरात वाटणीची वेळ आली की चार बाहेरची माणसं बसवायची, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे.

आपला,
कुटुंबातला धाकटा
(लाइटदादा)